वाहत्या झरणीला आवर घालणारे लुईस वॉटरमन

गतवर्षीच्या सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासीत असता एक उत्तरपत्रिका आमच्या हाती आली, तिचे स्मरण अजून जात नाही. उत्तरे बरी होती व अक्षरही वळणदार होते; परंतु पानागणिक शाईचे तीनचार डाग पडलेले, आणि अक्षरांची पोटे शाईने भरून गेलेली. ‘म’ कोणता व ‘भ’ कोणता हे ओळखण्याकरिता आम्हांस दोनदा चष्मा पुसावा लागला. एका पानावरील मजकूर पलीकडच्या पानावर उलटा उमटला होता, तो निराळाच. विद्यार्थिनीस बोलावून विचारले, तेव्हा तिने खाली मान घालून आपले पेन पुढे केले. ते तिच्या आजोबांचे होते. आजोबा गेल्यानंतर ते तिला मिळाले होते, व परीक्षा त्याच पेनाने द्यावयाची असा तिचा हट्ट होता. पेन फार शाई ओकते, एवढेच ती म्हणाली. सात रस्त्यावरून शाईची नवी दौत आणून पाहिली, जाड कागदाची वही घेऊन पाहिली, तरी पेनाने आपला स्वभाव सोडला नव्हता.

अशा प्रसंगी शिक्षकास एखादी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. आम्हांसही झाला. आम्ही तिला लुईस एडसन वॉटरमन ह्यांची गोष्ट सांगितली. ती बहुतेकांस ठाऊक असेलच. नसेल त्यांच्याकरिता थोडक्यात सांगतो. वॉटरमन हे न्यूयॉर्क शहरी विम्याचे दलाल होते. एका बड्या गिऱ्हाइकाच्या सहीकरिता त्यांनी मुद्दाम नवे फाउंटन पेन खरेदी केले. ऐन सहीच्या वेळी पेनाने दगा दिला व विम्याचा कागद शाईने माखला. दुसरा कागद आणावयास ते धावत गेले, तो इकडे प्रतिस्पर्धी दलालाने काम साधले. त्या अपमानाने पेटून उठून वॉटरमन ह्यांनी कधीही न गळणारे पेन तयार केले. गोष्ट सुरेख आहे. प्रार्थनेनंतरच्या भाषणात ती आम्ही कित्येक वर्षे सांगत आलो, आणि ह्याच वार्षिक अंकातून एकदा ती आमच्या नावाने छापूनही आली आहे.

मुलीने गोष्ट लक्षपूर्वक ऐकली व विचारले, “सर, हे कोणत्या साली झाले? आणि ते गिऱ्हाईक कोण होते?” आम्ही पाहून सांगतो म्हणालो. पाहू लागलो, आणि आम्हांस असे आढळले की तो डाग कधी पडलाच नव्हता.

म्हणून आज वॉटरमन ह्यांचे चरित्र पुन्हा लिहीत आहो. पहिले लिहिणे चुकले होते, आणि जे छापून चुकले ते छापूनच दुरुस्त करणे प्राप्त आहे.

लुईस वॉटरमन ह्यांचा जन्म 1837 च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, डिकेटर नामक एका लहानशा गावी झाला. वडील गाड्या बांधण्याचा धंदा करीत. मुलगा अगदी लहान असतानाच ते वारले. शाळा थोडीबहुत झाली. सोळाव्या वर्षाच्या सुमारास कुटुंब पश्चिमेकडे इलिनॉय राज्यात कंकाकी येथे राहावयास गेले. तेथे ह्या तरुणाने उन्हाळ्यात सुतारकाम करावे व हिवाळ्यात शाळेत शिकवावे, असा क्रम ठेवला. त्या काळी तिकडील खेड्यांत मुले उन्हाळ्यात शेतावर राबत, म्हणून शाळा हिवाळ्यात भरत. हा मनुष्य काही काळ आमच्या व्यवसायाचा होता, हे वाचून आम्हांस संतोष वाटला हे कबूल करतो. त्यांनी पुस्तकेही विकली. लघुलेखनाची विद्या त्यांनी हस्तगत केली व इतरांस ती शिकविलीही. बोलणाऱ्याच्या जिभेबरोबर ज्याचा हात धावतो, त्यास दर दोन ओळींनंतर टाक दौतीत बुडविण्याचा किती जाच होत असेल, ह्याची कल्पना आजच्या मुलांस येणे कठीण आहे.

पुढे ते आयुर्विम्याच्या धंद्यात शिरले व बोस्टन शहरी त्यांनी काही वर्षे ते काम केले. तेव्हा विम्याचे दलाल ते खरोखरच होते. आख्यायिकेत तेवढा अंश खरा आहे. परंतु 1870 च्या सुमारास प्रकृतीच्या कारणाने त्यांना ते काम सोडावे लागले. त्यानंतरची दहाबारा वर्षे ह्या ना त्या उद्योगात गेली. कोणताही उद्योग असा फळास आला नाही की ज्यामुळे त्यांचे नाव आज कोणी घ्यावे.

आता 1883 साल. वॉटरमन ह्यांचे वय पंचेचाळीस उलटून गेलेले. आमच्याकडे ह्या वयाची माणसे निवृत्तिवेतनाचे गणित मांडू लागतात. त्या वसंत ऋतूत न्यूयॉर्क शहरी फ्रँक हॉलंड नावाच्या एका गृहस्थाने नव्या फाउंटन पेनाची कंपनी काढली, व वॉटरमन तिच्यात पेने विकणारे म्हणून लागले. हॉलंड हे कल्पक होते, पण चंचल होते. अवघ्या सहा आठवड्यांत त्यांनी कंपनी वाऱ्यावर सोडली. विक्रेत्याने काय करावे? दुसरी नोकरी पाहावी हे सरळ होते. वॉटरमन ह्यांनी ते टाकून दिलेले काम आपल्या हाती घेतले. पेनाचा जो भाग त्यांस सदोष वाटला तो त्यांनी स्वतः नव्याने व अधिक साधा केला, आणि त्या एका भागाकरिता 12 फेब्रुवारी 1884 रोजी त्यांस अमेरिकन सरकारचे पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक 2,93,545.

तो भाग म्हणजे निबेच्या पोटाशी असलेली काळी, पन्हळीदार पट्टी. इंग्रजीत तिला फीड म्हणतात. आपल्याकडे कोणी कोणी जीभ म्हणतात, व तोच शब्द आम्हांस अधिक आवडतो. पुष्कळ मुले निब पाहतात, जीभ पाहत नाहीत. परंतु पेन चांगले लिहील, कोरडे पडेल की गळेल, हे बरेचसे जिभेवर अवलंबून असते.

हे समजण्याकरिता घरातील दोन वस्तू पुरेत. अरुंद गळ्याचा चंबू पाण्याने भरून एकदम पालथा करा. पाणी सरळ धारेने पडत नाही. गुडगुड करीत, धक्क्याधक्क्याने पडते. कारण आतील पाण्याची जागा घ्यावयास बाहेरची हवा आत शिरली पाहिजे, आणि एकाच तोंडातून पाणी बाहेर येणार व हवा आत जाणार, अशी तेथे झोंबाझोंबी होते. हवेस वाट मिळाली नाही तर पाणी अडते. मिळाली तर एकदम भसकन येते. वॉटरमन ह्यांच्या आधीच्या पुष्कळ पेनांचे हेच झाले होते. साठा पोटात बाळगणारी लेखणी ही काही त्यांची कल्पना नव्हे. पॅरिस येथे शिकणाऱ्या पेत्राके पोएनारू नामक रुमानियन तरुणास 1827 सालीच फ्रान्समध्ये अशा लेखणीचे पेटंट मिळाले होते. वॉटरमन ह्यांच्या काळी अमेरिकेत स्टायलोग्राफ नावाची पेने विकली जात. त्यांत निबच नसे, एका नळीच्या टोकातून बारीक तार डोकावत असे. त्यांत अक्षरास जाडबारीकपणा यावयाचा नाही. निब असलेली पेने होती, परंतु ती एक तर उपाशी राहत, नाही तर अजीर्ण झाल्याप्रमाणे ओकत.

दुसरी वस्तू आपल्या सोलापूरची: पंचा अथवा टॉवेल. त्याचे एक टोक बादलीतील पाण्यात सोडून दुसरे काठावरून बाहेर टाका. थोड्या वेळाने पाणी धाग्याधाग्याने वर चढते, काठ ओलांडते व बाहेर ठिबकू लागते. कोणी ओढीत नाही, कोणी ढकलीत नाही. धाग्यांमधील अति अरुंद फटींत पाणी आपोआप चढते. ह्यास केशाकर्षण म्हणतात. समईच्या वातीत तेल चढते तेही ह्याच नियमाने. सोलापुरात मागापाशी ज्यांचे दिवस गेले अशा कित्येक पालकांस हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

वॉटरमन ह्यांनी ह्या दोन गोष्टींचा मेळ घातला. त्यांनी कठीण रबराच्या पट्टीत एक रुंदशी पन्हळ कोरली व त्या पन्हळीच्या तळाशी तीन अति बारीक चिरा पाडल्या. बारीक चिरांतून शाई केशाकर्षणाने निबेकडे उतरते, आणि वरच्या रुंद जागेतून हवा लहान लहान बुडबुड्यांनी आत शिरते. दोघींच्या वाटा निराळ्या झाल्या, भांडण मिटले. निबेने जेवढी शाई कागदावर ठेवली तेवढीच आत हवा, आणि जेवढी हवा आत तेवढीच बाहेर शाई. ह्यात यंत्र नाही, चाक नाही, झडप नाही. तीन चिरा आहेत. सुतारकाम केलेल्या हातास अशी पन्हळ कोरण्याचे वळण असते, असे आमच्या मनात आले.

मग आमच्या विद्यार्थिनीचे पेन शाई का ओकत होते? त्यासही जीभ होती, चिराही होत्या. प्रश्न आमच्याही अभिमानाचा झाला होता, म्हणून आम्ही ते पेन घरी नेले. जुने देशी पेन, ड्रॉपरने पोटात शाई भरण्याचे. वॉटरमन ह्यांची पहिली पेनेही ह्याच जातीची होती. ह्या जातीचा एक स्वभाव आहे. पोट शाईने भरलेले असेल तोवर ते शहाण्यासारखे वागते. शाई निम्म्याखाली गेली की वरची रिकामी जागा हवेने भरते. हाताच्या उबेने ती हवा फुगते व शाईस खाली रेटते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा हाताच्या उबेचीही वाट पाहावी लागत नाही. म्हणून असे पेन एक-तृतीयांश शाई उरली की पुन्हा भरावे, हे बरे. पेनाच्या आट्यांतून हवा शिरत असेल, अगर नळीस तडा गेला असेल, तर कोणतीच जीभ त्यास आवरू शकणार नाही. कारण मग हवा चोरवाटेने येते व चिरांचा हिशेब चुकतो. हे आम्ही पाहिले. आटे कोरडे होते, त्यांस सिलिकॉनचे किंचित ग्रीस लावले. तडा नव्हता.

तरी निब ओली ती ओलीच. तेव्हा सात रस्त्याजवळ बसणाऱ्या एका वृद्ध घड्याळजीकडे जाऊन आम्ही त्यांचे डोळ्यास लावावयाचे भिंग मागून घेतले. भिंगातून दोन गोष्टी दिसल्या. निबेच्या मधल्या छिद्रापासून टोकापर्यंत जी चीर असते, ती टोकाकडे निमुळती होत जाऊन दोन्ही पाती टोकाशी एकमेकांस जेमतेम टेकावी, असा नियम आहे. ह्या निबेची पाती टोकाशीच फाकली होती. उजेडात धरता मधून प्रकाशाची रेघ दिसत होती. आणि निब व जीभ ह्यांमध्येही फट पडली होती. जेथे दोघींनी अंगास अंग लावून असावे, तेथे शाईचा थेंब साचून राही, व लिहिणाऱ्याचा हात किंचित हलला की कागदावर पडे.

निब अशी फाकली कशी? आजोबांच्या हातून फाकली असती तर त्यांनी ती इतकी वर्षे वापरली नसती. आम्ही मुलीस आमच्यासमोर एक ओळ लिहावयास सांगितले, आणि उत्तर मिळाले. ती लहानपणापासून बॉलपेनाने लिहीत आलेली. बॉलपेनाच्या गोळीस कागदावर दाबून फिरवावे लागते. झरणीच्या निबेस कागदास केवळ स्पर्श पुरतो. दाबले की पाती फाकतात, फाकली की शाई अधिक येते. दोष आजोबांच्या पेनाचा नव्हता.

उपाय सावकाशीचे असतात. प्रथम जीभ व निब साध्या पाण्याने धुऊन घेतली. पन्हळीत कागदाचे तंतू अडकले होते ते निघाले. मग फाकलेली पाती नखाने हळूच आळीपाळीने एकमेकांवर सरकवून सोडली, एकदा हे पाते वर, एकदा ते. प्रत्येक वेळी भिंगातून पाहिले व लिहून पाहिले. ह्या कामी पकड कधीही लावू नये. सोन्याची निब असेल तर मुलांनी हात लावूच नये, जाणत्याकडे द्यावी. जीभ जुन्या कठीण रबराची होती, म्हणून ती निबेसह हातास सोसवणार नाही इतक्या गरम, परंतु उकळत्या नव्हे अशा पाण्यात थोडा वेळ धरली व मऊ होताच निबेशी दाबून थंड होऊ दिली. अशी जीभ ह्या उपायाने निबेचा आकार घेते. प्लॅस्टिकच्या जिभेवर हा प्रयोग करू नये. हे सर्व करीत असता वॉटरमन ह्यांचे स्मरण आम्हांस वारंवार झाले. भाषण करताना जे वॉटरमन आमच्यापुढे उभे राहत असत, त्यांचे नव्हे. हॉलंड ह्यांनी सोडून दिलेले पेन हाती घेऊन त्याच्या जिभेकडे पाहत बसलेल्या मनुष्याचे.

पेटंट मिळाल्यावर वॉटरमन ह्यांनी न्यूयॉर्क शहरी आपली पेने ‘आयडियल’ ह्या नावाने विकावयास काढली. प्रत्येक पेनास पाच वर्षांची हमी दिली. त्या काळी पेन गळणार हे गिऱ्हाइकाने गृहीतच धरलेले असे, तेव्हा ही हमी म्हणजे मोठे धाडस होते. मासिकांतून त्यांनी जाहिराती दिल्या, धंदा वाढला, थोड्याच वर्षांत रीतसर कंपनी स्थापन झाली. परंतु जिभेकडे पाहणे थांबले नाही. पहिल्या जिभेतही उणीव होती: शाई एकाएकी अधिक उतरली तर ती जावी कोठे? 1899 साली कंपनीने जिभेच्या दोन्ही बाजूंस चमच्यासारखे लहान खळगे ठेवले, जेणेकरून जादा शाई कागदावर न पडता खळग्यांत थांबावी. पेन अति ओले लिहिते ह्या तक्रारीस दिलेले हे दुसरे उत्तर, पहिल्यानंतर पंधरा वर्षांनी दिलेले. 1900 साली पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात वॉटरमन पेनास पदक मिळाले. पुढील वर्षी 1 मे 1901 रोजी ब्रुकलिन येथे लुईस वॉटरमन निधन पावले. वय त्रेसष्ट.

कारभार पुतणे फ्रँक वॉटरमन ह्यांच्याकडे गेला व धंद्याचा विस्तार फार मोठा झाला. आणि ह्याच काळात, मूळ पुरुष हयात नसताना, कंपनीच्या जाहिरातींतून ती डागाची गोष्ट प्रकट झाली. अलीकडील संशोधकांनी जुनी कागदपत्रे व जाहिराती चाळून हे दाखवून दिले आहे. गोष्ट इतकी सोयीची होती की ती पुस्तकांत गेली, पुस्तकांतून शाळांत गेली, आणि एके दिवशी सोलापुरास आमच्या तोंडी आली. फ्रँक हॉलंड ह्यांचे नाव मात्र कोणत्याही शाळेत पोहोचले नाही. सहा आठवड्यांत काम सोडणाऱ्याचे नाव का घ्यावे, असे कोणी म्हणेल. परंतु ते पेन मुळात त्यांचे होते, व त्यांच्या कंपनीत वॉटरमन ह्यांनी काम धरले नसते तर पुढील काहीच घडले नसते. आमच्या पहिल्या लेखात त्यांचा उल्लेख नव्हता, म्हणून येथे दोनदा करीत आहो.

त्या अमेरिकन कंपनीचा कारखाना 1950 नंतरच्या दशकात बंद पडला. नाव तेवढे फ्रान्समध्ये चालू राहिले. आपल्याकडे तत्पूर्वीच, 1931 साली, मुंबईस गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांचे बंधू ह्यांनी शाईची पूड व वड्या करावयास आरंभ केला होता, व त्यांच्या ‘कॅमल’ शाईने महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांची बोटे निळी झाली. ह्या विद्यार्थिनीच्या आजोबांचीही झाली असतील.

पेन आम्ही तिला परत दिले, त्या दिवशी साल व गिऱ्हाईक ह्यांविषयीचे उत्तरही दिले. गोष्ट खोटी निघाली हे ऐकून तिला वाईट वाटेल अशी आमची कल्पना होती. तिने फक्त इतकेच विचारले की, मग त्या हॉलंडचे पुढे काय झाले? हेही आम्ही पाहून सांगणार आहो. मध्यंतरी हात हलका करण्याकरिता तिने रोज एक पान शुद्धलेखन लिहिले, व दर शनिवारी ते आमच्या मेजावर ठेवले. आरंभीची पाने पाहवत नव्हती. वार्षिक परीक्षेत तिच्या उत्तरपत्रिकेवर एकच डाग होता, तोही पहिल्या पानावर, नावाच्या बाजूस. तो पेनाने पाडला नाही, शाई भरताना आपल्याच हातून ड्रॉपर निसटला, असे तिने न विचारता सांगितले.